जुन्या मोटारींचे प्लॅस्टिकचे भाग आणि कोल्हापूरचे साचेकाम

कोल्हापुरात जुनी मोटार जपणाऱ्या माणसाला बिडाच्या भागाची चिंता सहसा करावी लागत नाही. एखादा ब्रॅकेट तुटला किंवा मॅनिफोल्डला तडा गेला, तर शिवाजी उद्यमनगरात पॅटर्न (ओतकामासाठीचा नमुना) करून घ्यायचा, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या ओळखीच्या फौंड्रीत तो ओतून घ्यायचा आणि लेथवर फिनिश करायचा, ही वाट इथल्या मिस्त्रींच्या पायाखालची आहे. घोडे अडते ते प्लॅस्टिकपाशी. गिअरची मूठ, डॅशबोर्डवरचे बटण, काच वरखाली करायच्या हँडलमागची चकती या किरकोळ वस्तू बिडापेक्षा दुर्मीळ ठरल्या, आणि त्याचे कारण त्या ज्या पद्धतीने तयार होत त्यात आहे. दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते तेव्हा सारे शहर तिच्याकडे पाहते. पण इथे प्रश्न आहे तो साध्या घरांतून राहिलेल्या फियाट आणि अ‍ॅम्बॅसडर गाड्यांचा.

लिओ बेकलंड यांनी 1907 मध्ये बेकेलाइट तयार केले आणि मोटारींतील विजेच्या जोडण्या, मुठी, बटणे यांसाठी ते लवकरच रूढ झाले. त्याची भुकटी तापलेल्या पोलादी साच्यात दाबून आकार द्यावा लागे, आणि एकदा घट्ट झालेले बेकेलाइट पुन्हा वितळत नाही. स्टिअरिंगसाठी लोखंडी कड्यावर कडक रबर किंवा सेल्युलोजपासून केलेले प्लॅस्टिक चढवीत. वर्षानुवर्षांत प्लॅस्टिक आक्रसते, आतले कडे मात्र आहे तेवढेच राहते; जुन्या स्टिअरिंगला आऱ्यांच्या सांध्याजवळ चिरा दिसतात त्या बहुधा यामुळेच. दुसऱ्या महायुद्धानंतर वितळणारे प्लॅस्टिक दाबाने साच्यात भरण्याची पद्धत सर्रास झाली. तिला लागणारी पोलादी डाय इतकी महाग पडते की हजारोंनी नग काढल्याशिवाय तिचा खर्च निघत नाही.

आपल्याकडे अडचण इथूनच सुरू झाली. अ‍ॅम्बॅसडर 1957 पासून उत्तरपाड्याला तयार होऊ लागली आणि 2014 मध्ये थांबली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील फियाट 1100, म्हणजे पुढची पद्मिनी, 2000 च्या सुमारास बंद झाली. तरीही मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे पद्मिनीच्या सुट्या भागांना बरीच वर्षे गिऱ्हाईक होते. ऑक्टोबर 2023 मध्ये पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून गेली आणि तो आधारही सुटला. चार मुठींसाठी नवी डाय कोणी करत नाही, आणि बाजाराचा हिशेब पाहता त्यात कोणाचा दोष काढता येत नाही.

घरच्या घरी प्लॅस्टिक ओतणे शक्य झाले ते दोन शोधांच्या जोडीने. ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1937 मध्ये जर्मनीत पॉलियुरेथेनचा शोध लावला, तर यूजीन रोचो यांनी 1940 मध्ये अमेरिकेत सिलिकोनच्या औद्योगिक उत्पादनाचा मार्ग काढला. पुढे भट्टीशिवाय, खोलीच्या तापमानाला घट्ट होणारे सिलिकोन रबर आले. सिलिकोनचा साचा आणि पॉलियुरेथेनचे ओतकाम. त्याला ना उष्णता लागते, ना दाब. छोट्या प्रतिकृती करणाऱ्या जपानी हौशी मंडळींनी 1980 च्या दशकात ही रीत घराघरांत नेली आणि जुन्या गाड्यांच्या शौकिनांनीही ती उचलली.

कोल्हापूरला मात्र यातले रसायन तेवढे नवे होते. शाहूपुरी, गंगावेश आणि बापट कॅम्पमधील कुंभारांना रबरी साचा आणि त्याला बाहेरून आधार देणारे कवच गणपतीच्या कामातून ठाऊक होते. उद्यमनगरच्या पॅटर्नवाल्यांना पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात ती रेघ, कुठे घ्यावी, रायझर, म्हणजे जादा माल वर येण्याची वाट, किती ठेवावा, हवा कुठून बाहेर पडेल, हे विचारावे लागत नव्हते. माझ्या मते या कामातील खरी अवघड गोष्ट याच दोन ठिकाणी आधी सुटलेली होती.

गिअरच्या मुठीचेच पाहा. जुनी मूठ लुकणाने भरून, घासून, पॉलिश करून मूळ आकारावर आणतात. कारण सिलिकोन बोटाचा ठसासुद्धा जसाच्या तसा उचलते. मग ती अर्धी मातीत बसवून डबीत ठेवतात, पहिला अर्धा साचा ओततात, माती काढून, व्हॅसलिन लावून दुसरा अर्धा ओततात. माती गंधकाची असेल तर प्लॅटिनमच्या उत्प्रेरकावर घट्ट होणारे सिलिकोन तिच्या कडेला चिकट राहते. कथिलाच्या उत्प्रेरकावर घट्ट होणारे अशी खोड काढत नाही, पण कालांतराने थोडे आक्रसते. आटे पडलेली पितळी नळी साच्यात आधीच खुंटीवर अडकवतात. मग पॉलियुरेथेनचे दोन द्रव भाग मोजून मिसळतात आणि काही मिनिटांत बारीक धारेने खालच्या बाजूने भरतात, म्हणजे हवा वर सरकते.

इथे कोल्हापूरचा पावसाळा आडवा येतो. या रसायनातील आयसोसायनेट ओलाव्याशी जुळून वायू सोडते आणि ओतीव आतून फेसाळते. त्यामुळे जून ते सप्टेंबर बरेच जण हे काम बंद ठेवतात. त्याच घटकाची वाफ फुप्फुसाला घातक असून तिच्यामुळे कायमचा दमा लागू शकतो, हे स्वयंपाकघराच्या ओट्यावर साचे मांडणारे फार हलक्यावर घेतात.

त्रिमितीय छपाईमुळे आता हरवलेल्या भागाचाही नमुना काढता येतो. 2009 मध्ये एका मूलभूत पेटंटची मुदत संपल्यावर ही यंत्रे स्वस्त होत गेली. पण नेहमीचे छपाईचे प्लॅस्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडते आणि मे महिन्यातल्या उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड त्यापुढे जातो. म्हणून छापलेला नग नमुना म्हणून वापरून भाग ओतूनच घ्यावा लागतो. 2021 मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरील वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले, त्यांत चासी, बॉडी आणि इंजिन मूळचे असण्यावर भर आहे. नव्याने ओतलेल्या मुठीने त्याला बाधा येत नाही. टेललाइटची लाल काच तेवढी यातून सुटत नाही. तिच्या आतल्या बाजूचे बारीक प्रिझम उतरतात, पण बऱ्याच पारदर्शक रेझिनचा रंग उन्हात पिवळा पडतो. म्हणून तिच्यासाठी लोक अजून पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोर बाजारच पालथा घालतात.