राष्ट्रप्रमुखांच्या विमानांची बदली

राष्ट्रप्रमुख किंवा शासनप्रमुख यांच्यासाठी राखीव असलेले जुने विमान काढून त्या जागी नवे आणण्याची प्रक्रिया. ती ठरल्या मुदतीत आणि ठरल्या पैशांत क्वचितच पुरी होते. विमान विकत घेणे हा त्यातला सोपा भाग. वर्षे आणि पैसा खातो तो त्याचा आतला संसार.

हा संसार पूर्वी बेताचा असे. गोव्यातील बोगमाळो येथील नौदल हवाई संग्रहालयात लॉकहीड सुपर कॉन्स्टेलेशन जातीचे विमान उभे आहे. एअर इंडिया, मग हवाई दल, मग नौदल असा त्याचा प्रवास. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांचे 'कोलंबाइन ३' याच जातीचे होते. आज अशा विमानात सांकेतिक संदेशवहन, क्षेपणास्त्रांना चकवा देणारी यंत्रणा, वैद्यकीय कक्ष असे बरेच काही लागते. त्यासाठी मैलोगणती तारा नव्याने ओढाव्या लागतात, आणि त्या ओढणाऱ्या प्रत्येक कामगाराची सुरक्षा-तपासणी व्हावी लागते.

अमेरिकेची सध्याची दोन बोइंग ७४७ विमाने १९९० पासून सेवेत आहेत. त्यांच्या जागी दोन ७४७-८ देण्याचा सुमारे ३.९ अब्ज डॉलरचा करार बोइंगने २०१८ मध्ये केला. काटकसर म्हणून ट्रान्सएरो या दिवाळखोर रशियन कंपनीसाठी बांधलेली, पण तिने न उचललेली विमाने घेतली. हवेत इंधन भरण्याची सोयही गाळली. तरी २०२४ ची मुदत हुकली. अंतर्भागाचे काम घेतलेली उपकंत्राटदार कंपनी २०२१ मध्ये दिवाळखोरीत गेली. रंगसुद्धा वादातून सुटला नाही : गडद निळ्या रंगामुळे काही भाग जास्त तापतील, असे हवाई दलाला आढळले. करार ठरावीक किमतीचा असल्याने वाढीव खर्च बोइंगच्या माथी आला आणि तिचा तोटा दोन अब्ज डॉलरच्या वर गेला. जनतेचा पैसा वाचला, वेळ नाही. मे २०२५ मध्ये अमेरिकेने कतारकडून एक ७४७-८ भेट म्हणून स्वीकारले. पण फुकटच्या विमानालाही फेरबांधणी चुकत नाही.

भारतात राष्ट्रपती, उपराष्ट्रपती आणि पंतप्रधान यांच्या लांबच्या दौऱ्यांसाठी एअर इंडियाची ७४७-४०० विमाने वापरली जात. त्यांच्या जागी ठरलेली दोन ७७७-३००ईआर विमाने बदलांसाठी अमेरिकेला गेली. जुलै २०२० ला अपेक्षित असलेले पहिले विमान कोविडमुळे लांबून १ ऑक्टोबर २०२० रोजी दिल्लीत उतरले. दोन्हींचा खर्च सुमारे ८,४०० कोटी रुपये असल्याचे तेव्हा सांगितले गेले आणि त्यावरून राजकीय टीकाही झाली.

स्वतंत्र विमान न बाळगण्याचाही मार्ग आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये बाणावलीच्या ब्रिक्स परिषदेसाठी पाच देशांचे नेते गोव्यात आले. त्यांपैकी रशियाच्या अध्यक्षांचा प्रवास खास सज्ज केलेल्या इल्युशिन-९६ ने होत असे, तर चीनचे अध्यक्ष बराच काळ एअर चायनाचे प्रवासी ७४७ वापरत आले. चीनच्या या सावधपणाला जुने कारण असावे. अमेरिकेत सजवून घेतलेल्या त्यांच्या ७६७ मध्ये हेरगिरीची उपकरणे सापडल्याच्या बातम्या जानेवारी २००२ मध्ये आल्या होत्या.

खरेदी पुढे ढकलली की खर्च टळतो असे नाही. तो नाचक्कीच्या रूपाने वसूल होतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये जर्मन चान्सलर मर्केल यांचे एअरबस ए३४० बिघाडामुळे वाटेतून परतले आणि त्या स्पेनच्या प्रवासी विमानाने ब्वेनोस आइरेसला गेल्या. पुढच्याच वर्षी जर्मनीने तीन ए३५० मागवली. कॅनडाचे पंतप्रधान ट्रुडो सप्टेंबर २०२३ मध्ये जी-२० परिषदेनंतर विमान बिघडल्याने दिल्लीत अडकले.

उलट टोकाला मेक्सिको. तेथील तत्कालीन अध्यक्ष लोपेझ ओब्रादोर यांनी आधीच्या सरकारने घेतलेले सुमारे २१.८ कोटी डॉलरचे ७८७ वापरायलाच नकार दिला. गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा २०२० मध्ये त्याच्या नावाने सोडत काढली, ज्यात बक्षीस रोख रकमेचे होते आणि विमान सरकारकडेच राहिले. अखेर २०२३ मध्ये ते ताजिकिस्तानला सुमारे ९.२ कोटी डॉलरला विकले गेले.