बर्फाची कड कुठे पडणार?

२५ जानेवारी २०१५, रविवार. पुण्यात रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी लॅपटॉप उघडून युरोची वाट बघत बसलो होतो. युरोपीय मध्यम-मुदत हवामान अंदाज केंद्राच्या संगणकीय मॉडेलला हवामानाचा नाद असलेली जगभरची माणसं नुसतं ‘युरो’ म्हणतात. इंग्लंडमधल्या रेडिंगहून त्याचा दुपारचा रन, म्हणजे मॉडेल एकदा चालवून काढलेला अंदाज, बाहेर पडायला लागला, की आपल्याकडे मध्यरात्र होत आलेली असते. नकाशे एकेक करून उमटतात: आजची संध्याकाळ, उद्याची सकाळ, उद्याची रात्र. त्या रात्री अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यालगत समदाब रेषा कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या एकमेकींना चिकटत चालल्या होत्या: मोठं हिमवादळ येऊ घातलं होतं.

न्यू जर्सीतल्या एडिसनहून दादाचा फोन आला. तिकडे रविवारची दुपार होती आणि तो दुकानात रांगेत उभा होता. दूध आणि ब्रेडची फडताळं निम्मी रिकामी झाली होती म्हणे. “काय म्हणतोय तुझा युरो?” त्याने विचारलं. मी म्हणालो, “दोन फूट बर्फ. पण जीएफएस, ते अमेरिकेचं मॉडेल, कमी दाखवतंय.” दादा म्हणाला, “दोघांतलं खरं कोण?”

या प्रश्नाचं नीट उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. ते देण्याचा हा प्रयत्न आहे.

त्या दिवशी न्यूयॉर्कच्या महापौरांनी लोकांना सांगितलं होतं, की शहराच्या इतिहासातलं हे सर्वांत मोठं हिमवादळ ठरू शकतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचा शहरासाठीचा अंदाज २० ते ३० इंचांचा, म्हणजे अर्ध्या मीटरपासून पाऊण मीटरपर्यंतचा होता. सोमवारी रात्री ११ वाजता भुयारी रेल्वे बंद करण्यात आली. १९०४ साली सुरू झालेली ही सेवा केवळ बर्फासाठी बंद ठेवण्याची ती पहिलीच वेळ. मंगळवारी सकाळी सेंट्रल पार्कमध्ये मोजलेला बर्फ भरला ९.८ इंच. फिलाडेल्फियात फुटाहून जास्त बर्फाची तयारी झाली होती, तिथे जेमतेम इंच-दोन इंच पडला. तिथल्या अंदाजाची जबाबदारी असलेल्या हवामान अधिकाऱ्याने ट्विटरवर जाहीर माफी मागितली. त्या माफीबद्दल मला आजही आदर आहे.

आता नकाशा थोडा पूर्वेकडे सरकवून बघा. लाँग आयलंडवरच्या आयस्लिपला जवळपास २५ इंच पडला. बॉस्टनला २४ इंचांहून अधिक, वूस्टरला ३४.५ इंच. म्हणजे वादळ आलं होतं, अंदाजाएवढंच जबर होतं. ते फक्त युरोने आखलेल्या वाटेपेक्षा ५० ते ७५ मैल पूर्वेकडून, समुद्रावरून गेलं. तीन हजार किलोमीटरचा प्रवास करून आलेल्या वादळाची वाट ८० ते १२० किलोमीटरने चुकली, ही चूक भौतिकशास्त्राच्या हिशोबाने लहान आहे. पण त्या पट्ट्यात नेमकं न्यूयॉर्क शहर होतं.

या वादळांना तिकडे ‘नॉरईस्टर’ म्हणतात, कारण किनाऱ्यावर वारा ईशान्येकडून येतो. २०१५ चं वादळ कॅनडाच्या अल्बर्टा प्रांताकडून निघालेल्या एका किरकोळ कमी दाबाच्या पट्ट्यातून जन्मलं. असे पट्टे हिवाळ्यात सतत येत असतात आणि दोन-चार इंच बर्फ टाकून जातात. हा किनाऱ्यापाशी आला तेव्हा जमिनीवरची गोठलेली हवा आणि गल्फ स्ट्रीमच्या उबदार पाण्यावरची हवा यांच्या सीमेवर समुद्रात एक नवं केंद्र तयार झालं. जुन्याने प्राण सोडला आणि नवं झपाट्याने फोफावलं. हे हस्तांतर नेमकं कुठे आणि किती वाजता होतं, यावर पुढचं सगळं ठरतं. तीन तास उशीर झाला, तर वादळ तेवढं पूर्वेकडे सरकतं. मॉडेलांची खरी कसोटी इथेच लागते.

शिवाय अशा वादळात बर्फ सगळीकडे सारखा पडत नाही. आकाशात अरुंद पट्टे तयार होतात. पट्ट्याच्या आत हवा जोराने वर चढते आणि तासाला दोन-तीन इंच बर्फ पडतो. वर गेलेली हवा कुठेतरी खाली उतरणारच, आणि ती पट्ट्याच्या लगतच उतरते. उतरणारी हवा कोरडी होते, तिथे ढग विरळ होतो. म्हणून बर्फाला उतार असा नसतोच, कडा असतो. आपल्याला हे नवं वाटू नये. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी त्याच मुंबईत कुलाब्याला ७३. मुंबईत पाऊस किती, या प्रश्नाला त्या दिवशी एक उत्तर नव्हतं.

मग मॉडेलं भांडत का होती? दोन्ही एकाच वातावरणाचे नियम सोडवतात. वातावरणाचे चौकोनी ठोकळे पाडायचे, प्रत्येक ठोकळ्यात तापमान, दाब, वारा, बाष्प भरायचं आणि काही मिनिटांच्या पावलांनी पुढे जायचं. जीएफएस हे अमेरिकेचं जागतिक मॉडेल दिवसातून चार वेळा चालतं. १४ जानेवारी २०१५ ला, म्हणजे या वादळाच्या दोन आठवडेही आधी नाही, त्याची मोठी सुधारणा झाली होती आणि त्याचे ठोकळे १३ किलोमीटरांचे झाले होते. युरोचे तेव्हा १६ किलोमीटरांचे होते. तरीही अनुभवी अंदाजकार युरोकडे झुकले.

त्याला कारण होतं. २०१२ च्या ऑक्टोबरात सँडी चक्रीवादळ न्यू जर्सीवर धडकणार हे युरोने जवळपास आठवडाभर आधी दाखवलं होतं, तेव्हा जीएफएस ते समुद्रात हाकलून देत होतं. सँडीनंतर युरोचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं वातावरण झालं. ही ख्याती फुकटची नव्हती. १९९७ पासून युरोपीय केंद्र सुरुवातीची स्थिती ठरवायला एक खास पद्धत वापरतं. ती क्रिकेटच्या भाषेत सांगता येते. चेंडू आत्ता कुठे आहे, याचा एकच धूसर फोटो बघून तो कुठे जाईल हे सांगणं कठीण. पण मागच्या काही क्षणांचे दहा धूसर फोटो घेतले आणि त्या सगळ्यांतून जाईल असा एकच मार्ग शोधला, तर आत्ताची जागाही नेमकी कळते. उपग्रह, विमानं, जहाजं, हवेत सोडलेले फुगे यांच्या कित्येक तासांच्या नोंदींमधून युरो असा मार्ग शोधतो. सुरुवात चांगली, म्हणून शेवट चांगला. सरासरीने.

‘सरासरीने’ या शब्दापाशी मला थांबायचं आहे. वर्षभराच्या हिशोबात जो पुढे, तो आजच्या रात्रीही बरोबर असेलच असं नाही. सोमवारी जीएफएस आपलं वादळ पूर्वेकडेच धरून होतं. अमेरिकेचं नॅम हे छोट्या क्षेत्रासाठीचं मॉडेल मात्र युरोच्या बाजूने होतं, आणि दोन मॉडेलं एकमेकांना दुजोरा देताना दिसली की माणूस तिसऱ्याकडे बघणं सोडतो.

बर्फवेड्यांमध्ये तर आणखी एक ओढ असते. लहानपणी शाळेला सुट्टी मिळावी म्हणून आपण आभाळाकडे बघायचो, तीच. समोर पाच मॉडेलं असली, की डोळा आपोआप सर्वांत जास्त बर्फ दाखवणाऱ्यावर जाऊन बसतो. तिकडे याला ‘विशकास्टिंग’ म्हणतात. मी एकदाही हिवाळ्यात अमेरिकेला गेलेलो नाही, पण ती ओढ मला कळते. जून महिन्यात पुण्याच्या आकाशात ढग नसताना मीही सर्वांत जास्त पाऊस दाखवणारा नकाशाच पुन्हा पुन्हा उघडतो.

नकाशांच्या बाबतीत एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण दर हिवाळ्यात सर्वांत जास्त गैरसमज तिच्यामुळे होतो. मॉडेल आधी पाणी मोजतं, किती मिलिमीटर पडेल ते. त्या पाण्याचा बर्फ किती उंच होईल, हा पुढचा हिशोब. लोकांच्या हातात फिरणारे बरेच नकाशे सरसकट एकास दहा धरतात: एक इंच पाणी म्हणजे दहा इंच बर्फ. प्रत्यक्षात ओल्या, जड बर्फात हे प्रमाण एकास पाचपर्यंत खाली येतं आणि कडक थंडीत एकास वीसच्याही वर जातं. ढगातलं तापमान उणे १२ ते उणे १८ अंशांच्या पट्ट्यात असेल आणि हवा तिथेच जोराने वर चढत असेल, तर सहा फांद्यांचे पिसांसारखे स्फटिक बनतात. ते एकमेकांत अडकतात, मध्ये हवा भरते, थर फुगतो. काही नकाशे तर बर्फाच्या गोळ्यांचा, अर्धवट वितळून पुन्हा गोठलेल्या पावसाचाही हिशोब बर्फातच धरतात. जमिनीपासून दीड-दोन किलोमीटरवर शून्याच्या वर तापमान असलेला हवेचा एक पातळ थर घुसला, की नकाशावरचे पंधरा इंच अंगणात तीन इंच होतात. भरपूर बर्फ दाखवणारा लालजांभळा नकाशा दिसला, की मी आधी त्याच्या कोपऱ्यात प्रमाण कोणतं लिहिलंय ते बघतो.

आता दादाच्या प्रश्नाकडे. दोघांतलं खरं कोण, याचं उत्तर एका रनमध्ये नसतंच. ते पन्नास रनांमध्ये असतं.

१९६१ मध्ये एडवर्ड लॉरेन्झ या शास्त्रज्ञाने आपल्या संगणकातलं छोटं हवामान मध्यापासून पुन्हा चालवलं आणि ०.५०६१२७ ऐवजी छापील कागदावरचा ०.५०६ हा आकडा भरला. थोड्या वेळाने दोन हवामानं एकमेकांना ओळखेनाशी झाली. सुरुवात आपल्याला कधीच पूर्ण नेमकी माहीत नसते, म्हणून १९९२ च्या डिसेंबरपासून युरोप आणि अमेरिका दोघांनीही एन्सेम्बल पद्धत नेमाने वापरायला घेतली. एकच मॉडेल सुरुवातीत बारीक बारीक फरक करून अनेकदा चालवायचं. युरोपीय केंद्र असे ५१ अंदाज काढतं. सगळ्या ५१ वाटा एका दोरीसारख्या बांधलेल्या असतील तर भरवसा ठेवा. त्या सुटलेल्या सुतासारख्या पसरल्या असतील, तर मधली वाट दाखवून “हेच होणार” म्हणणं धाडसाचं. जानेवारी २०१५ मध्ये वादळ येणार यावर एकमत होतं. त्याची पश्चिमेची कड कुठे पडेल, यावर नव्हतं. शहराला सांगितला गेला तो मात्र एक पल्ला, २० ते ३० इंच, आणि त्यात ९.८ ला जागाच नव्हती.

अंदाज सांगण्याची रीत पुढे बदलली, आणि मला ही त्या वादळानंतरची सर्वांत चांगली गोष्ट वाटते. राष्ट्रीय हवामान सेवा हिवाळ्यात आता अपेक्षित आकड्याच्या दोन बाजूंना आणखी दोन आकडे ठेवते: दहापैकी नऊ वेळा किमान एवढा तरी पडेल असा खालचा, आणि दहापैकी एकदाच ओलांडला जाईल असा वरचा. रस्ते साफ करणाऱ्या खात्याला वरचा आकडा हवा असतो. दुकानात जाऊन दूध आणणाऱ्याला मधला पुरतो.

हे सगळं दूरदेशीचं वाटत असेल, तर पुण्यातल्या पाषाण रस्त्यावर या. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत जीएफएसच्याच घराण्याचं मॉडेल मान्सूनसाठी जोपासलं गेलं. २०१८ पासून १२ किलोमीटरांच्या ठोकळ्यांवर त्याचा २१ अंदाजांचा एन्सेम्बल चालू झाला, आणि मे २०२५ मध्ये ६ किलोमीटरांची भारत फोरकास्ट सिस्टिम आली. नॉरईस्टरची कड आणि कोकणातल्या पावसाच्या पट्ट्याची कड, दोन्ही पकडायला बारीक ठोकळे आणि अनेक रन हीच अवजारं लागतात.

गेल्या दोन-तीन वर्षांत तुलनेच्या पंगतीत नवे पाहुणे बसलेत. ही मॉडेलं समीकरणं सोडवत नाहीत. कित्येक दशकांच्या हवामानाच्या नोंदींवरून ती शिकतात आणि दहा दिवसांचा अंदाज काही मिनिटांत देतात. युरोपीय केंद्राचं असं मॉडेल फेब्रुवारी २०२५ पासून रोजच्या कामात आलं. वादळाची वाट सांगण्यात ती उत्तम आहेत. बर्फाच्या कड्यासारखी धारदार गोष्ट मात्र ती गुळगुळीत करून दाखवतात, असं मला नकाशे बघताना वारंवार जाणवतं.

२०१५ नंतर बरोबर एका वर्षाने, २२ ते २४ जानेवारी २०१६ ला, पुन्हा तेच नाट्य उलट घडलं. या वेळी कड उत्तरेची होती. शहरासाठीचे सुरुवातीचे अंदाज प्रत्यक्षाहून बरेच कमी होते, कारण जबर पट्टा दक्षिणेकडेच राहील असं वाटत होतं. पट्टा थोडा वर सरकला आणि सेंट्रल पार्कमध्ये २६.८ इंच बर्फ नोंदला गेला. २००६ चा विक्रम २६.९ इंचांचा होता, म्हणजे दशांश इंचाने हुकला.

बर्फ मोजण्याची पद्धत अगदी साधी आहे. पांढरी फळी उघड्यावर ठेवायची, पट्टीने मोजायचं, फळी पुसायची. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा पुसायची नाही, कारण थर आपल्याच वजनाने दबतो आणि वारंवार पुसणाऱ्याचा बर्फ उगाच वाढतो. त्या वादळाच्या मोजणीची नंतर चौकशी झाली. मोजणारे आणि हवामान कार्यालय यांच्यात निरोप पोहोचवताना गफलत झाली होती. बर्फ वितळून गेल्यावर तीन महिन्यांनी, एप्रिलमध्ये, आकडा सुधारून २७.५ इंच करण्यात आला आणि १८६९ पासूनच्या नोंदींमधलं सर्वांत मोठं हिमवादळ म्हणून तो लिहिला गेला.