स्वगती ऑनलाइन अभ्यासक्रम (कोल्हापूर जिल्हा)

ठरलेल्या तासाला वर्गात हजर न राहता, आपल्या सवडीने इंटरनेटवरून पूर्ण करायचे अभ्यासक्रम. कोल्हापूर जिल्ह्यात त्यांची गरज दोन गोष्टींतून येते : अंतर आणि कामाची पाळी. महाविद्यालये मुख्यतः कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूर, गडहिंग्लज अशा शहरांत आहेत. गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडच्या वाड्यावस्त्यांवरच्या मुलामुलींचे कॉलेज एसटीच्या वेळेवर ठरते. बारावी होऊन शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत लागलेल्या मुलाला सकाळचा तास गाठता येत नाही. लग्नानंतर गाव बदललेल्या मुलीचे पदवीचे दुसरे वर्ष तसेच राहून जाते.

शिक्षणाची वाट अशांसाठी मोकळी करण्याचा प्रयत्न कोल्हापूरला नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघाले आणि पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम अशा अनेक समाजांची बोर्डिंगे उभी राहिली. नुसती शाळा काढून भागत नाही, खेड्यातल्या पोराला राहायला-जेवायला आणि अभ्यासाला बसायला जागा लागते, हे त्यामागचे भान होते. शिवाजी विद्यापीठाची (स्थापना १९६२) ‘कमवा आणि शिका’ योजना, विद्यापीठाचे दूरशिक्षण आणि नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची (१९८९) अभ्यासकेंद्रे याच वाटेवरची.

केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले. व्हिडिओ व्याख्याने, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि शंकांसाठी चर्चेची जागा असे त्याचे चार भाग आहेत. शिकणे मोफत आहे. प्रमाणपत्र हवे असेल तर परीक्षेचे शुल्क भरून नेमलेल्या केंद्रावर प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम विद्यार्थी ‘स्वयम्’वरून घेऊ शकतो; आधी ही मर्यादा २० टक्के होती.

मात्र ही सवलत आधीच प्रवेश घेतलेल्यांसाठी आहे. ‘स्वयम्’चे प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे. कॉलेजबाहेर राहिलेल्याला आत यायचे तर मुक्त विद्यापीठ, दूरशिक्षण किंवा मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी हेच दार आहे. जाहिरातींत हा फरक पुसट होतो आणि त्यात गरिबाघरच्या मुलांची वर्षे जातात.

‘आपल्या गतीने’ या म्हणण्यालाही मर्यादा आहे. पूर्णतः स्वगती अभ्यासक्रम केव्हाही पुरा करता येतो. क्रेडिटचे, म्हणजे पदवीच्या हिशेबात धरले जाणारे गुणांक देणारे, बहुतेक अभ्यासक्रम मात्र आठ किंवा बारा आठवड्यांचे असतात. एनपीटीईएलचा (‘स्वयम्’वर अभ्यासक्रम देणारा आयआयटींचा उपक्रम) बारा आठवड्यांचा विषय घेतला, तर दर आठवड्याचा गृहपाठ ठरल्या तारखेच्या आत भरावा लागतो. बारापैकी सर्वोत्तम आठ गृहपाठांचे २५ गुण आणि अंतिम परीक्षेचे ७५. रात्रपाळी करून आलेला कामगार व्हिडिओ दुपारी पाहू शकतो, थांबवून पुन्हा लावू शकतो, तारीख मात्र पुढे ढकलू शकत नाही. जुलैच्या सत्राचे सुरुवातीचे आठवडे नेमके पंचगंगेच्या पुराचे. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. अशा दिवसांत वीज आणि रेंज यांचा भरवसा नसतो. चार गृहपाठ सुटले तरी निभावते ही तरतूद इथल्या विद्यार्थ्याला म्हणूनच मोलाची आहे.

बहुतेक व्याख्याने इंग्रजीत असतात. मराठी भाषांतरे काही विषयांपुरती आहेत आणि पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला नेमकी इथेच धाप लागते. विज्ञानाची प्रात्यक्षिके, नर्सिंगसारखे हाताने शिकायचे विषय पडद्यावर होत नाहीत. मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम शेवटपर्यंत नेणारे जगभर थोडेच असतात. सोबतीला माणूस असला की गळती कमी होते : आठवड्यातून एकदा शंका घेणारे प्राध्यापक, गावच्या वाचनालयातील वायफाय असलेली अभ्यासिका, एकाच विषयाला बसलेले चार मित्र. बोर्डिंगांनी जे पुरवले ते आजही लागते, आणि जिल्ह्यात त्यावर खर्च व्हायला हवा.

क्रेडिट हवे असणाऱ्याने नोंदणीआधीच महाविद्यालयात विचारावे, की निवडलेला अभ्यासक्रम त्या सत्राच्या मान्य यादीत आहे का आणि तो कोणत्या विषयाच्या जागी धरला जाईल. मिळालेले क्रेडिट विद्यार्थ्याच्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या (क्रेडिट साठवून ठेवणारी सरकारी ऑनलाइन व्यवस्था) खात्यात जमा होते. त्यासाठी खाते आधी उघडलेले असावे लागते.