काकूचा व्हॉल्व अन् विहिरीतला फुटवॉल

मोटर सुरू केली अन् पाणीच वर येत नाही, तर आमच्याइकडं यवतमाळ भागात कोणीही सांगन का फुटवॉल लीक आहे, चढलेलं पाणी मागं सरकून पाइप रिकामा होते. शेजारच्या काकूच्या हृदयात सध्या हेच चालू आहे. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधला मायट्रल व्हॉल्व, दोन पातळ पडद्यांचा, तो नीट मिटत नाही, रक्त उलटं फुप्फुसाकडं दाबते अन् वावरात जाईपर्यंत दम भरते.

मूळ कारण लहानपणचं. घसा दुखला, ताप आला, सांधे सुजले, कोणी मनावर घेतलं नाही. स्ट्रेप्टोकॉकस जंतूशी लढता लढता शरीर स्वतःच्याच व्हॉल्ववर उलटलं. एकदा ऑपरेशन करून दुरुस्त केला होता, आता परत गळतो.

दुसऱ्या वेळी सहसा बदलूनच टाकतात. पण धातूचा बसवला की रक्त पातळ करायची गोळी जन्मभर, अन् तिचा डोस बरोबर आहे का ते पाहायला आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागते त्याची, टेस्ट घडीघडी, तीही तालुक्याले जाऊन. पालक-मेथी एका आठवड्यात भरपूर अन् पुढच्यात नाहीच असं झालं तरी आकडा हलतो. जनावराच्या टिश्यूचा बसवला तर गोळीची कटकट कमी, पण तो काही वर्षांनी झिजते, तरुण माणसात तर लवकरच.

म्हणून काही सर्जन आधी आपलाच व्हॉल्व वाचतो का ते पाहतात. खरं अवघड काम तर त्याच्याही आधी, छाती उघडताना, कारण पहिल्या ऑपरेशननंतर हृदय छातीच्या हाडाला आतून चिकटून बसलेलं असू शकते, म्हणून आधी सीटी स्कॅन, गरज पडली तर मांडीच्या नसेतून बायपास मशीन (हृदय-फुप्फुसाचं काम बाहेरून करणारी) जोडून ठेवायची, अन् मग थरथरणाऱ्या करवतीनं हळूहळू हाड कापायचं. आत गेल्यावर चिकटलेले पडदे सोडवतात, आखडलेल्या पडद्याला पेशंटच्याच हृदयावरच्या आवरणाचा तुकडा जोडतात, पडद्याला खालून धरणाऱ्या तुटलेल्या दोरीजागी गोरटेक्सचा कृत्रिम धागा, व्हॉल्वच्या कडेनं रिंग. फ्रान्सचे सर्जन आलँ कार्पाँतिए यांनी ही रिपेअरची पद्धत 1983 च्या लेखात सविस्तर मांडली. पडदे चुन्यासारखे कडक झाले असले तर मात्र बदलण्यावाचून इलाज नाही, तरी तेव्हाही दोऱ्या जमतील तितक्या ठेवतात, कारण त्या हृदयाच्या भिंतीला धरून असतात, सगळ्या कापल्या तर पंपाचा आकार बिघडते.

झालं का नीट ते पाहायला सलाइनचं पाणी दाबून भरतात अन् गळते का ते बघतात. काकूले सांगितलं तर म्हणे, "म्हणजे आपल्यासारखंच पाणी टाकून पाहतेत!"

दुरुस्त करा का बदला, दर एकवीस दिवसांनी घ्यायचं पेनिसिलिनचं इंजेक्शन डॉक्टरांनी तिले चालूच ठेवायला सांगितलं आहे. पुढचं सोमवारी.