गुठळी हृदयात, झटका मेंदूला

‘कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे, मग पक्षाघात कशानं होणार?’ हा समज फार घट्ट रुजलाय. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीनं बंद पडून होणाऱ्या पक्षाघातामागे सर्वांत मोठा हात उच्च रक्तदाबाचा. मधुमेह, धूम्रपान, मानेतल्या धमनीतला चरबीचा थर, वय, आधी येऊन गेलेला छोटा झटका हेही बहुतेकांना ठाऊक असतं. हमखास विसरलं जातं ते एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाची चुकलेली लय. तिच्यामुळे धोका साधारण पाचपट होतो.

यात हृदयाचे वरचे कप्पे, म्हणजे अलिंदं, आकुंचन पावायचं सोडून नुसती थरथरतात. डाव्या अलिंदाला अरुंद तोंडाची एक छोटी पिशवी असते. एरवी ती दर ठोक्याला पिळली जाऊन रिकामी होते. थरथरीत ते घडत नाही. रक्त तिथंच घुटमळतं आणि गोठतं. झडपा धड असलेल्या रुग्णांत डाव्या अलिंदातल्या दहापैकी नऊ गुठळ्या याच पिशवीत सापडतात. गुठळी सुटली की डावं निलय (हृदयाचा खालचा कप्पा), महाधमनी, मानेतली धमनी आणि थेट मेंदू. ती बरेचदा मोठी असते, त्यामुळे मोठी वाहिनी तुंबते आणि झटकाही भारी बसतो.

खरी मेख पुढे आहे. वेगानं रक्त वाहणाऱ्या धमनीत चरबीचा थर फुटून होणारी गुठळी मुख्यतः प्लेटलेट या रक्तातल्या चिकट कणांची. साचलेल्या रक्तातली मात्र फायब्रिन या प्रथिनाच्या धाग्यांची, आणि ते धागे तयार करतं थ्रॉम्बिन हे रक्तातलं विकर. ॲस्पिरिन आवरतं प्लेटलेटना, म्हणून इथं ते तोकडं पडतं. इथं लागतं थ्रॉम्बिन तयार व्हायला लागणारे गोठणघटक 2, 7, 9 आणि 10 कमी करणारं वॉरफरिन, किंवा घटक 10चं सक्रिय रूप अडवणारं एपिक्साबॅन. वॉरफरिनवर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) सहसा 2 ते 3 ठेवतात: खाली गेला तर गुठळीची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची. धातूची झडप बसवलेली असेल तर एपिक्साबॅन चालत नाही.

झटका आल्यावर बोटं सुईनं टोचून रक्त काढा, असा एक मेसेज फिरत असतो. त्यानं मेंदूतली गुठळी तसूभरही हलत नाही, वाया जातो तो वेळ. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.

पासष्टी ओलांडलेल्यांनी अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी पाहावी. ठोक्यांमधलं अंतर सतत, कसंही बदलत असेल तर ईसीजी काढावा. ही लय काही वेळा येऊन-जाऊन असते. मग साधा ईसीजी नॉर्मल येतो आणि 24 तास किंवा त्याहून जास्त काळ नोंद घेणारा होल्टर लावावा लागतो.