दारूगोळ्याच्या पेट्यांवरील ओळखखुणा

काडतुसे, तोफगोळे, हातबाँब, फ्यूज (स्फोट घडवून आणणारी कळ) इत्यादी सामग्री ज्या पेट्यांत साठवतात, त्यांतला माल पेटी न उघडता ओळखता यावा म्हणून त्यांच्यावर रंगवलेला वा छापलेला मजकूर, आकडे आणि चिन्हे. कोठारात एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या पेट्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात आणि मोहोरबंद पेटी उगाच उघडली तर आत दमट हवा शिरते. त्यामुळे कोठारपालाला या खुणांवरच विसंबावे लागते. थप्पीत झाकणे दिसत नाहीत, म्हणून मजकूर पेटीच्या बाजूवर लिहितात.

अमेरिकी सैन्याची ‘एम२ए१’ ही रबरी गॅस्केट (झाकण हवाबंद करणारी पट्टी) बसवलेली पत्र्याची पेटी सर्वपरिचित आहे. मेहंदी रंगाच्या या पेटीवर पिवळ्या अक्षरांत नगसंख्या, कॅलिबर (बंदुकीच्या नळीचा आतील व्यास), काडतुसाचा प्रकार आणि लॉट क्रमांक, म्हणजे एका खेपेत तयार झालेल्या मालाचा क्रमांक, असतो. पॉइंट ५० कॅलिबरची पट्ट्यात जोडलेली १०० काडतुसे तिच्यात मावतात. काडतुसे साधी आहेत की चिलखतभेदी, त्यांत ट्रेसर (उडताना मार्ग दिसावा म्हणून उजळणारी काडतुसे) किती आणि ती सुटी आहेत की पट्ट्यात ओवलेली, हेही नोंदलेले असते, कारण पट्ट्यावर चालणाऱ्या मशीनगनला सुटी काडतुसे ऐनवेळी निरुपयोगी ठरतात.

या साऱ्या मजकुरात लॉट क्रमांकाचे मोल सर्वाधिक मानावे लागेल. अमेरिकी पद्धतीत त्याच्या आरंभी कारखान्याची खूण, मग वर्षाचे दोन आकडे आणि महिन्याचे अक्षर येते. ‘एलसी ९२एफ’ म्हणजे मिसूरी राज्यातील लेक सिटी कारखान्यात जून १९९२ मध्ये तयार झालेला माल. महिन्यांच्या अक्षरांतून ‘आय’ वगळलेले आहे. एखाद्या लॉटमध्ये दोष आढळला, तर या क्रमांकावरूनच तेवढा माल वापरातून काढून घेता येतो. क्रमांक पुसला गेला, तर चांगला मालही संशयित ठरतो. कारखान्याची खूण काडतुसाच्या बुडावरही ठोकलेली असते. पुण्याजवळच्या खडकी येथील, १८६९ साली स्थापन झालेल्या कारखान्याची ‘केएफ’ ही अशीच खूण होय.

धोक्याची वर्गवारी संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीने दर्शवतात. स्फोटके पहिल्या वर्गात मोडतात आणि त्यांचे १.१ ते १.६ असे विभाग आहेत: १.१ म्हणजे संपूर्ण साठा एकदम उडण्याचा धोका, १.२ म्हणजे तुकडे फेकले जाण्याचा, १.३ म्हणजे मुख्यतः आगीचा, तर १.४ म्हणजे किरकोळ धोका. विभागापुढील अक्षर कोणता माल कशाशेजारी ठेवता येईल ते सांगते. बंदुकीच्या सामान्य काडतुसांच्या खोक्यावर बहुधा ‘१.४ एस’ असते. नारिंगी चौकोन कोनावर उभा करून त्यात ही अक्षरे लिहितात. नाटो देशांच्या कोठारांवर अग्निशामक दलासाठी वेगळी नारिंगी पाटी असते. तिच्यात १.१ ते १.४ या विभागांसाठी अनुक्रमे १ ते ४ हे आकडे असतात आणि १ साठी अष्टकोन, २ साठी फुली, ३ साठी उलटा त्रिकोण आणि ४ साठी कोनावर उभा चौकोन वापरतात. धुरामुळे आकडा वाचता आला नाही, तरी आकारावरून धोका कळावा, हा त्यामागील हेतू आहे.

रिकाम्या पेट्या पुन्हा वापरात येतात, तेव्हा जुन्या खुणा पूर्णपणे रंगाने झाकणे वा खरवडून काढणे आवश्यक असते. वरचा नवा कागदी लेबल गळून पडला आणि खालचा जुना मजकूर उघडा झाला, तर पेटीत एक माल आणि पेटीवर दुसरेच नाव अशी स्थिती होते. म्हणून माल भरताना पेटीवरील लॉट क्रमांक कोठाराच्या नोंदवहीशी ताडून पाहतात.