पोरांना घेऊन सायकल काढताय? आधी तिथी बघा

नमस्कार मंडळी. अलिबागजवळ नागावात आमचं सायकली भाड्याने द्यायचं छोटंसं दुकान आहे आणि शनिवारी सकाळी येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती किलोमीटर होईल?" अहो किलोमीटर सोडा, सात-आठ वर्षांचं पोरगं सपाट रस्त्यावर आठ-दहा किमी हसत मारतं, बघायचं ते ऊन, वारा, गाड्या आणि भरती. म्हणून हा कागद छापलाय, सायकल घ्यायच्या आधी एकदा वाचा.

सगळ्यात सोपा रूट म्हणजे नागावच्या वाड्यांमधले आतले रस्ते. दोन्ही बाजूला नारळ-सुपारी, त्यामुळे नऊ वाजले तरी सावली, आणि गाड्या कमी. अंगणात सुपारी वाळत घातलेली असते, तिच्यावरून चाक नेऊ नका, कुणाचं तरी वर्षाचं उत्पन्न असतं ते. चार-पाच किमीचा फेरा होतो, पहिल्यांदा सायकल चालवणाऱ्या पोरांना एवढा बास.

दुसरा रूट आक्षी. जाताना आतल्या रस्त्याने जायचं आणि ओहोटी असेल तर येताना किनाऱ्याने यायचं. ओल्या घट्ट वाळूवर सायकल अशी पळते की पोरं उतरायला तयार होत नाहीत, पण कोरड्या भुसभुशीत वाळूत शिरलात की चाक रुतलंच. इथे तिथी कामाला येते. आमच्याकडचा जुना हिशोब असा की तिथीला पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणजे चतुर्थीला तीनच्या आसपास, अष्टमीला सहाच्या आसपास, आणि त्यापासून साधारण सहा तासांवर ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमारास उधाणाची भरती, म्हणजे त्या दिवशी किनारा पहाटे नाहीतर संध्याकाळीच. हिशोब ढोबळ आहे, मोबाईलवर पण बघून घ्या. मागच्या सीझनला एका काकांनी खाडीच्या तोंडाशी सायकल उभी केली आणि फोटो काढत बसले, परत आले तर पाणी सीटला लागलेलं. काका सुखरूप, सायकलचे बेअरिंग गेले. आणि हो, किनाऱ्याने सरळ अलिबागला जाता येत नाही, मध्ये आक्षीची खाडी आहे, मॅप काहीही दाखवू दे.

आक्षीत शके ९३४ म्हणजे इ.स. १०१२ चा शिलालेख सापडलाय, मराठीतल्या जुन्यात जुन्या लेखांमध्ये तो धरतात. पोरांना सांगा, हजार वर्षांपूर्वीची मराठी याच गावातली.

तिसरा रूट चौल-रेवदंडा, पण हा दहा वर्षांपुढच्या पोरांसाठीच, कारण मेन रोडवरून जावं लागतं, एसटी आणि वीकेंडच्या गाड्या दोन्ही जोरात असतात. सहा-साडेसहाला निघा. चौलला रामेश्वराच्या देवळासमोर पुष्करणी आहे तिथे थांबा, पाणी प्या, मग रेवदंड्यात शिरताना रस्ता सरळ पोर्तुगीजांच्या किल्ल्याच्या तटातूनच आत जातो, हा क्षण पोरांना भारी आवडतो. १७४० मध्ये हा किल्ला मराठ्यांकडे आला. पुढे खाडीवरच्या पुलापलीकडे कोर्लई गाव आहे, तिथे अजून पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलतात, पण पुलावर लहान पोरांना सायकल चालवू देऊ नका, कोर्लई गाडीनेच करा. परतीला साडेदहाच्या आत निघा कारण दुपारी समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो, येताना तो तोंडावर घ्यायला लागतो, आणि मग रडारड, आणि मग आम्हाला फोन की टेम्पो पाठवा. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास चौलची दत्तजत्रा असते, त्या दिवसांत हा रूट विसराच. पावसाळ्यात तर कुठलाच नको, आम्हीच देत नाही.

मुंबईहून स्वतःच्या सायकली आणणार असाल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीने, मांडव्याला उतरता येतं, तासाभराचा प्रवास. पण मांडवा ते अलिबाग जवळपास वीस किमी आणि वर चढउतार, लहान पोरं असतील तर सायकली गाडीवर टाका.

सायकलीबद्दल थोडं. सीटवर बसून पोराचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत, "पुढच्या वर्षी पण चालेल" म्हणून मोठी सायकल मागू नका, ती कपडे घेतानाची गोष्ट. गिअरवाली पण नको, रस्ता सपाट आहे आणि वाळूने गिअर अडकतात. किनाऱ्यावर नेली असेल तर आणून दिल्यावर तसं सांगा, ओरडणार नाही, फक्त त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवून चेनला तेल लावावं लागतं, दोन दिवस खारं पाणी राहिलं की चेन लाल झालीच समजा.

फेब्रुवारी ते मे आलात तर रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा दिसतील, घ्या जरूर, पण हँडलला अडकवू नका, चाकात जातात, दर वर्षी एक तरी माळ आम्ही स्पोकमधून कापून काढतो.

दुकान सकाळी सहाला उघडतं. आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर पोरांची उंची कळवा, वय नको उंचीच, म्हणजे सीट लावून हवा भरून सायकली बाहेर काढून ठेवतो.